अक्कानं काढलेली दृष्ट

"मामा, आई उठंना झालीया. गरगरतंय म्हंती, घास गिळंना झालाय..." गारगोटीहून भाचीचा फोन आला तो बुधवारी सकाळी. आदल्या रविवारी अक्काला मान मोकळी करून घ्यायला मीच कोल्हापुरात नेलं होतं. फोननंतर चौथ्या दिवशी अक्का गेली. आता दीड महिना होईल. लोक म्हणतात, सोडून द्या. मी सोडणार नाही.

अक्का माझी थोरली बहीण. गारगोटीच्या बाजारात तिचं शिवणकामाचं दुकान होतं. वर्षानुवर्षं मशीनवर वाकून तिची मान धरायची. मी कधीही गेलो तरी दारातच माझ्या गालांवरून हात फिरवायची आणि आपल्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. आवाज मोठा आला की खूश. "बघ, किती दृष्ट लागलीती तुला!" सांधा वाजला म्हणजे काहीतरी वाईट निघून गेलं, असा तिचा जन्माचा विश्वास. मोबाईलवर माना मोकळ्या करणाऱ्या कोल्हापुरातल्या एका माणसाचे व्हिडिओ मी दाखवले, तेव्हा तो कडकडाट ऐकूनच ती यायला तयार झाली.

त्याचं नाव छापायचं नाही, असं हा लेख छापणाऱ्या पुरवणीच्या संपादकांनी बजावलंय. ठीक आहे. स्वतःला कायरोप्रॅक्टर, म्हणजे हातानं मणके बसवणारा, म्हणवतो, कुठल्याशा आठवड्याभराच्या शिबिराचं प्रमाणपत्र भिंतीवर लावतो, एवढं पुरे. अक्काचाही व्हिडिओ काढायला त्यानं मोबाईल समोर लावला. "अक्का, मान ढिल्ली सोडा," म्हणाला आणि दोन्ही हातांनी तिचं डोकं झटक्यात फिरवलं. कडाड् आवाज झाला. अक्का हसली. "अगं बाई! केवढं हलकं वाटतंय की!"

हॉस्पिटलमधल्या डॉक्टरबाईंनी नंतर मला समजावलं. तो आवाज हाड जागेवर बसल्याचा नसतो. सांध्यातल्या पाण्यात वायूची पोकळी होते, तिचा असतो. काही वेळ बरंही वाटतं. पण मानेच्या मणक्यांमधून रक्तवाहिन्या मेंदूकडे जातात. झटक्यानं क्वचित एखादीचं अस्तर फाटतं, तिथं गुठळी धरते आणि मेंदूचा रक्तपुरवठा तुटतो. अक्काची वाहिनी फाटलेली दिसली. मात्र ती त्याच झटक्यानं फाटली, असं छातीठोकपणे लिहून देता येणार नाही, म्हणाल्या. म्हणजे कोर्टाची वाट बंद.

मग मी त्याच्याकडेच गेलो. "पावणं, तुमच्यासमोर हसत गेल्या की त्या. आधीचंच काय तरी असणार," तो म्हणाला. आणि वर विचारतो, "त्यांचा व्हिडिओ काढून टाकू काय?"

"ऱ्हाऊ दे," मी म्हणालो. "मानेला हात लावत न्हाय, अशी पाटी दारावर लाव. तवर मी हितनं हलत न्हाय."

तेव्हापासून रोज सकाळी मी त्याच्या पायरीसमोर स्टूल टाकून बसतो. येईल त्याला अक्काचा फोटो दाखवतो, झालेलं सांगतो. काल चारजण माघारी गेले. तो काचेआडून बघत होता. मला फार बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? तिला तिथं मी नेलं, त्याची सजा मी भोगतोच आहे. त्याच्या वाटणीची त्याला मिळायला हवी.

आणि तो व्हिडिओ मला हवा आहे. त्यात शेवटी अक्का खुर्चीतून उठते, मायेनं त्या माणसाच्या गालांवरून हात फिरवते आणि आपल्या कानशिलांवर बोटं मोडते. त्याची दृष्ट काढते... दहाच्या दहा बोटं वाजतात. मोबाईलचा आवाज पूर्ण वाढवून तेवढाच तुकडा मी रोज त्याच्या दारात लावतो. पाटी लागेपर्यंत त्यानं तो ऐकायचा.