टिपणीसकाकांचा रविवारचा वर्ग

टिपणीसकाका कुणालाही "कसा आहेस" असं विचारत नसत. रविवारी सकाळी बडोद्याच्या गोत्री भागातल्या आमच्या सोसायटीच्या कॉमन प्लॉटवर स्कूटर लावायचे, हेल्मेट आरशाला अडकवायचे आणि आम्हा पोरांवर नजर फिरवून म्हणायचे, "हं, बोला. या आठवड्यात कोण कोण नाही म्हणालं तुम्हाला?" ज्याला सगळ्यांत सणसणीत नकार मिळाला असेल, त्याला वर्ग सुटल्यावर काकांकडून सेवउसळ. ज्याला एकही नकार मिळाला नसेल त्याने घरी जाऊन पोहे खावेत. "कुणी नाही म्हणालं नाही, याचा अर्थ तू कुणाकडे काही मागितलंच नाहीस," असं ते त्याला अगदी प्रेमाने सांगायचे.

आम्ही सगळे नववी ते बारावीतले, मराठी घरांतले. कुणाचे वडील रेल्वेत, कुणाचे युनिव्हर्सिटीत, माझे बाबा रिफायनरीत. बडोद्यात राहून, चारी बाजूंना गुजराती दुकानं असून, आमच्या घरांत धंदा हा शब्द जरा आवाज उतरवूनच उच्चारला जायचा. टिपणीसांच्या घरातही पिढ्यानपिढ्या नोकरीच. काकांनी मात्र तरुणपणी रेल्वेतली कारकुनी सोडली आणि फतेगंजात, युनिव्हर्सिटीच्या जवळ, झेरॉक्स आणि बाइंडिंगचं दुकान टाकलं. "आमच्या घरात सगळ्यांनी जन्मभर दुसऱ्याच्या कागदावर सह्या केल्या," ते म्हणायचे. "मी म्हटलं, आपण कागदच विकू." या वर्गाची फी नव्हती, पुस्तक नव्हतं. आपल्या पोरांना विकायची लाज वाटते आणि ती लहानपणीच मोडायला हवी, एवढाच त्यांचा ध्यास होता.

ही लाज म्हणजे काय, ते माझ्यावरूनच सांगते. अकरावी संपता संपता मी आईच्या मशीनवर कापडी पिशव्या शिवल्या आणि काकांच्या हुकमाने त्यांच्या दुकानासमोर विकायला उभी राहिले. ओळखीचं गिऱ्हाईक आलं की मी हटकून म्हणायची, "राहू द्या हो काकू, पैशांचं काय एवढं." अनोळखी आलं की भाव सांगून वर स्वतःच कारणं द्यायची. एका बेननी पिशवी उलटीसुलटी करत नुसतं "आटला बधा?", म्हणजे एवढे पैसे, असं म्हटलं, तर त्यांचं वाक्य पुरं व्हायच्या आत मी भाव उतरवला होता. काका काउंटरवरून बघत होते. त्या बेन गेल्यावर बाहेर आले.

"केतकी, तुला कुणी कमी करायला सांगितलं?"

"त्या म्हणाल्या ना, आटला बधा."

"ते त्या सगळीकडे म्हणतात. देवळात नारळ घेतानाही म्हणत असतील. भाव सांगितला की तोंड बंद ठेवायचं. आपल्या मराठी माणसाला गप्प राहता येत नाही, लगेच माफी मागतो. जो बेटा, हे बघ, तू शिवलंयस. चोरलेलं नाहीस."

चोरलेलं नाहीस, हे वाक्य माझ्या डोक्यात बसलं ते बसलंच. पुढे डिप्लोमाला इलेक्ट्रिकल घेतलं, तरी शिवण सुटली नाही. काका म्हणाले, सायन्सची मुलं माझ्याकडे झेरॉक्सला येतात आणि लॅबचे एप्रन शोधत गावभर फिरतात, तू शिव, मी ठेवतो. मी शिवले, त्यांनी ठेवले. दुकानाच्या दारावर त्यांनी स्वतःच्या अक्षरात पाटी लावली, "एप्रन येथे मिळतील, अंगाला बसतील." काकू मला डब्यात थालीपीठ द्यायच्या. त्यांची मुलगी मृणाल माझ्याच कॉलेजात, माझ्याच वर्गात होती. अबोल, अभ्यासू, रविवारच्या वर्गात शेवटच्या ओळीत बसणारी. तिला नकाराबद्दल काका कधी विचारत नसत. आम्हाला वाटायचं, घरची म्हणून सूट असेल.

डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षी बडोद्याबाहेरच्या सावली गावाकडच्या एका कारखान्याने आमच्या कॉलेजात मुलाखती घेतल्या. मी दिली, मृणालनेही दिली. माझी निवड झाली. ट्रेनी म्हणून घेणार, पुढे कायम करणार, घराजवळून कंपनीची बस. कॉलेजातून निघाले ती घरी न जाता थेट काकांच्या दुकानात गेले. कुणाला आधी सांगावंसं वाटतं, त्यावरून ते माणूस आपलं कोण आहे ते कळतं. मला काकांना सांगायचं होतं.

ते कुणाच्या तरी थिसिसला बाइंडिंग करत होते. हात थांबले. म्हणाले, "अरे वा." मग थोड्या वेळाने, "घरी सांगितलंस?" मी नाही म्हटलं. मृणालचं काय झालं असं मी विचारलं, तर म्हणाले, "ती सहज गेली होती गं, अनुभव म्हणून."

संध्याकाळी ते आमच्या घरी आले. आईने शिरा केला होता. बाबा खुशीत होते, कधी नव्हे ते सोफ्यावर मांडी घालून बसले होते. काकांनी शिरा खाल्ला, चहा घेतला आणि बाबांना म्हणाले, "साहेब, नोकरी वाईट नाही. पण ही पोरगी नोकरीची नाही. एप्रनला आज मुलं विचारत येतात, उद्या कारखाने येतील. आत्ता बसमध्ये बसली की उतरायची नाही कधी. आपण कुणी उतरलो का?" बाबांनी मांडी सोडून पाय खाली घेतले. मग माझ्याकडे बघून म्हणाले, "तुझं काय म्हणणं?" मला खरं तर दोन्ही हवं होतं. रात्रभर विचार करायला हवा होता. पण काका माझ्याकडे इतक्या विश्वासाने बघत होते की मी म्हटलं, "मी शिवणार."

जाताना जिन्यात काका मला म्हणाले, "नाही म्हणायचं तर उद्या सकाळीच कळव. लोकांना लटकवून ठेवू नये. तेवढंच कुणाचं तरी भलं होईल."

मी सकाळीच कळवलं.

पुढचे काही महिने चांगले गेले, असंच म्हणावं लागेल. दोन मशीनं घेतली, एक शिवणारी बाई ठेवली. मृणाल सकाळी लवकर बाहेर पडते, असं आईने ऐकलं होतं. काका म्हणाले, सावलीत माझ्या मेव्हण्याच्या ऑफिसात कॉम्प्युटरचं काम बघते. मी एप्रनच्या पलीकडे जायचं ठरवलं, कारखान्यांचे युनिफॉर्म. काकांनी मला कुठे कुठे जायचं ते सांगितलं आणि वर एक सांगितलं, "त्या तुझ्या कंपनीत मात्र जाऊ नकोस. ज्यांची नोकरी नाकारली त्यांच्या दारात माल घेऊन जायचं नसतं. मान राहत नाही."

मला हे जरा विचित्र वाटलं. हाच माणूस आम्हाला दर रविवारी नकाराच्या दारात परत पाठवत आला होता. पण ते म्हणाले म्हणून वर्षभर मी तिकडे फिरकले नाही. मग एक मोठी ऑर्डर हातची गेली, हंगाम कोरडा चालला होता, आणि मला वाटलं, काकांनीच शिकवलंय ते काकांना न विचारता करून बघू. गेले. खरेदी बघणारे एक वयस्क गुजराती साहेब होते. माझं काम हातात घेऊन शिलाई ओढून बघितली आणि म्हणाले, "बेन, लेडीज ट्रेनींना जेन्ट्सचे युनिफॉर्म देतो आम्ही, रोज कटकट करे छे. आधी त्यांचे करून आणा, मग बघू." एका खोलीत त्यांनी मुलींना मापं द्यायला बोलावलं.

चौथी का पाचवी मुलगी मृणाल होती.

तिच्या गळ्यात कंपनीचं ओळखपत्र होतं. माझ्या हातात टेप. मागे रांग होती, म्हणून मी तिच्या खांद्याचं माप घ्यायला लागले, कारण दुसरं काय करायचं ते सुचेना.

"तू कधीपासून?" मी विचारलं.

"तू नाही म्हणालीस त्याच आठवड्यात फोन आला," ती हळू आवाजात म्हणाली. "तुझ्यानंतर माझाच नंबर होता. पप्पांना मुलाखतीच्या दिवशीच माहीत होतं." मग घाईघाईने म्हणाली, "पप्पा म्हणाले, केतकीला आत्ता सांगू नको. तिचं मन डळमळेल."

मी बाहीचं माप घेतलं, उंची घेतली, पुढच्या मुलीला बोलावलं. मृणालचा युनिफॉर्म मीच शिवला. चांगला शिवला.

त्याच दिवशी दुकानात गेले. काकांनी माझा चेहरा बघितला आणि गिऱ्हाइकाला नंतर यायला सांगितलं. लपवाछपवी केली नाही, हे त्यांच्या बाजूने सांगायला हवं.

"मी तुला खोटं काय सांगितलं, ते सांग," ते म्हणाले. "तू धंद्याचीच आहेस. आजही सांगतो. मृणालला कुणी नाही म्हटलं तर ती दोन दिवस जेवत नाही. तुला नाही म्हटलं की तुला भूक लागते. कुणाला कुठे पाठवायचं, ते मला दिसत होतं."

"मग तेच मला सांगायचं होतं, काका. माझ्यानंतर मृणाल आहे म्हणून."

"सांगितलं असतं तर तू नोकरी घेतली असतीस."

"कदाचित."

"बघ. मग?"

"ते कदाचित माझं होतं, काका."

त्यांनी काउंटरवरची कात्री उचलून परत ठेवली. "बाप आहे गं मी," एवढंच म्हणाले. मी म्हटलं, "माझाही बाप आहे. त्याने तुम्हाला शिरा खायला घातला."

लोक मला समजावतात. बघ, आज तुझ्याकडे इतक्या बायका काम करतात, झालं ते बरंच झालं ना? झालं असेल. मला त्या नोकरीचं दुःख नाही, कधी नव्हतं. पण एखादी मोठी ऑर्डर मिळाली, सगळे खूश झाले, की माझ्या मनात येतं, हे मी निवडलं का? मी निवडलं असतं तर हाच आनंद माझा पुरा झाला असता. ज्या माणसाने मला माझं म्हणणं ठामपणे मांडायला शिकवलं, त्यानेच माझं म्हणणं स्वतःच्या सोयीचं करून घेतलं, आणि तेही आमच्याच सोफ्यावर बसून. त्यांना फसवणूक हा शब्द आवडत नाही. मला दुसरा सापडत नाही. बाबांना कळलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, "तो त्या दिवशी आला, तेव्हा त्याला ठाऊक होतं?" मी हो म्हटलं. त्यानंतर त्यांच्या तोंडून टिपणीसांचं नाव मी ऐकलं नाही.

गेल्या महिन्यात काकांचा फोन आला. आता थकलेत, दुकान भाच्याकडे दिलंय, वर्ग मात्र चालू आहे. म्हणाले, "पोरांशी बोलायला ये. नोकरी की धंदा, हे त्यांना आता ठरवायचंय. माझं ऐकून ऐकून कंटाळलीत." जाणार नव्हते. पोरांचा विचार करून गेले.

वर्ग आता मराठी मंडळाच्या हॉलमध्ये भरतो. सतरंजीवर पोरं बसली होती, आम्ही बसायचो तशीच गुडघ्यावर वह्या घेऊन. काका खुर्चीचा आधार घेऊन उभे राहिले आणि माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "ही केतकीताई. चालून आलेली नोकरी सोडून हिने कारखाना उभा केला. माझी मुलगीच समजा."

आवाज खरंच भरून आला होता त्यांचा. नाटक नव्हतं, आणि तेच मला सहन झालं नाही.

"मी काकांची मुलगी नाही," मी म्हटलं. "काकांची मुलगी नोकरी करते. चांगली नोकरी आहे, ती सुखात आहे. तुम्हाला कुणीही सांगितलं की नोकरी कर किंवा धंदा कर, मी सांगितलं तरी, तर त्याला एवढंच विचारा की स्वतःच्या मुलांना काय सांगितलंत."

काकांचा हात माझ्या पाठीवरच होता. पुढच्या ओळीतली चष्मा लावलेली एक मुलगी, काकांच्याच हाताखाली तयार झालेली, लाज मोडलेली, लगेच उठून उभी राहिली.

"काका, तुम्ही काय सांगितलंत?"

काका खाली बसले. हवं तर हसण्यावारी नेता आलं असतं त्यांना.

"तिला म्हटलं," ते म्हणाले, "बाळा, मिळतेय ती सोडू नकोस."