सात मात्रांचा ग्रीक नाच

शनिवारी दुपारी आम्ही आमच्या लेकीच्या, केतकीच्या घरून, नॉर्थ कॅरोलिनातल्या कॅरीहून निघालो, तेव्हा हे यायलाच तयार नव्हते. हे म्हणजे माझे यजमान. उभा जन्म मिरजेत तबला शिकवण्यात गेला. अर्धांगाच्या झटक्यानंतर उजवा हात हलू लागला, पण बोटं पूर्वीची राहिली नाहीत. तेव्हापासून घरात कुणी गाणं लावलं, तरी हे उठून दुसऱ्या खोलीत जात. ग्रीक लोकांच्या चर्चमध्ये मेळा आहे, नुसतं जेवून येऊ, असं लेकीनं समजावलं, म्हणून काठी घेऊन निघाले.

दोन्ही बाजूंना पाइनची झाडं आणि त्यांतून पाझरणारं मधासारखं ऊन. मला गाडीतच पेंग येऊ लागली. चर्चजवळ गाडी लावायला जागा नव्हती. केतकीनं ती लांबच्या एका शाळेपाशी ठेवली आणि तिथून शाळेच्या पिवळ्या बसने आम्हाला चर्चच्या अंगणात आणून सोडलं. समोर सोनेरी घुमट, त्याच्या सावलीत निळ्या-पांढऱ्या पताका, आणि भाजल्या मांसाचा धूर इतका संथ वर जात होता, की सगळं अंगण पाण्याखाली असल्यासारखं वाटलं.

आम्ही शाकाहारी. केतकीनं दोल्मादेस (द्राक्षाच्या पानांत गुंडाळलेला आंबटसर भात) आणि लुकुमादेस (मधात बुडवलेले गरम गुलगुले) आणले. पहिलाच गुलगुला माझ्या हातून निसटला आणि साडीवर मधाचा ओघळ आला. पलीकडे कॉफी देणारी बाई ओला रुमाल घेऊन धावत आली. सोफिया तिचं नाव, वयानं माझ्याएवढीच. कुठून आलात, मुलगी कधीपासून इथे आहे, अशी तिनं आपुलकीनं चौकशी केली. ह्यांची काठी पाहून तिनं आम्हाला नाचाच्या चौथऱ्याजवळच्या टेबलाशी बसवलं. ह्यांना तिथून उठून जाणं अवघड होतं, आणि मला धास्ती वाटू लागली.

क्लॅरिनेट सुरू झालं, मागून डफासारखं वाद्य. बायका, पुरुष, पोरं हात धरून गोल फिरू लागली. उन्हं कलत होती. ह्यांनी डोळे मिटले. मला वाटलं, आता घरी चला म्हणतील.

मग टेबलावर ह्यांचा डावा हात हलला. थोड्या वेळानं उजवाही.

"ऐकतेस ना?" हे म्हणाले. "रूपक आहे हा."

मी ऐकलं. ती ती ना, धी ना, धी ना, त्याच सात मात्रा. दूरदेशीची माणसं आमच्याच तालावर पावलं टाकत होती. उजवं बोट मध्येच एखादी मात्रा चुकवत होतं, पण हे थांबले नाहीत. पुढच्या समेवर पुन्हा येऊन मिळत होते.

सोफिया कॉफी ठेवता ठेवता ती बोटं बघत राहिली. केतकीनं तिला इंग्रजीत सांगितलं, की बाबा पूर्वी तबला वाजवायचे.

"'युज्ड टू' नको म्हणूस," हे डोळे न उघडता म्हणाले. "वाजवतो म्हण."

केतकीनं ते वाक्य सुधारून पुन्हा सांगितलं. सोफियानं मान डोलावली आणि माझा हात धरून मला रिंगणात नेलं. माझी पावलं चुकत होती. कुणाचे तरी उबदार हात दोन्हीकडून मला ओढून नेत होते. घुमट, पताका, ह्यांचं टेबल, पुन्हा घुमट, असं सगळं माझ्याभोवती हळूहळू फिरत होतं.

परतताना हे गाडीत झोपून गेले.

मिरजेला आल्यावर ह्यांनी दोन जुन्या विद्यार्थ्यांना बोलावून घेतलं. हात साथ देतो तेवढं वाजवतात, बाकीचे बोल तोंडानं म्हणून शिकवतात. परवा शेजारच्या काकूंनी विचारलं, अमेरिकेत काय काय पाहिलं. नायगारा तर राहूनच गेला, मी म्हणाले, आणि आतल्या खोलीतून तबला ऐकू येत होता म्हणून त्यांना जरा वेळ बसून ऐकायला सांगितलं.