शनिवारी नेलेलं पोतं

कोकणातल्या ज्यू लोकांना पूर्वी शनिवार तेली म्हणत, कारण धर्माप्रमाणे शनिवारी काम वर्ज्य, म्हणून त्यांचा तेलाचा घाणा बंद असे. ही माहिती मी घरी येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवतो. जावयाला दोनदा ऐकवली. हल्ली तो गाडीतूनच उतरत नाही. आणि तोच मी, त्या समाजाची जुनी मराठी पुस्तकं मागायला पुण्याजवळच्या सूसच्या एका सोसायटीत, हातात पोतं घेऊन, शनिवारी सकाळी जाऊन उभा राहिलो.

दार उघडणारे काका ऐंशीच्या पुढचे. त्यांनी आधी पोत्याकडे पाहिलं.

"रद्दी देऊन झाली," ते म्हणाले.

मी पुस्तकांचं सांगितलं.

"मग तर आज देणंघेणं नाही. शनिवार आहे, गॅसही पेटवत नाही. पण बसा. चहा कालचा आहे, थर्मासमधला."

चहा कोमट होता. मी मुठा गावातल्या माझ्या जमिनीचं सांगितलं, काकांनी त्यांच्या घरचं: बायको गेलेली, मुलं परदेशात. "आमच्या काही प्रार्थनांना दहा पुरुष लागतात," काका म्हणाले. "इथल्या लिफ्टमध्ये दहा मावतात. पण त्यातला प्रार्थनेचा मी एकटा."

कपाटातली इतिहासाची आणि कीर्तनांची पुस्तकं ते मला नंतर देणार होते. खाली चादरीत फाटकी प्रार्थनापुस्तकं बांधलेली होती. त्यांत सगळ्यात वर मला ते दिसलं: एका पानावर हिब्रू, समोर मराठी, शिळाछापावर काढलेलं. त्याच्यासाठी मी घरच्या कपाटात कित्येक वर्षं एक जागा मोकळी ठेवली आहे. बायको तिथे उदबत्तीचा पुडा ठेवते, मी काढतो.

"ती नाही," काका म्हणाले. "देवाचं नाव असलेलं पुस्तक फाटलं की आम्ही टाकत नाही, पुरतो. कबरस्तानापर्यंत मला आता जाववत नाही. आणि इथे माती म्हणजे कुंडीतली. तुमची मुठ्याला जमीन आहे ना?"

"काका, हे वरचं तरी जपायला हवं."

"वडिलांनी जपलं, मी जपलं. माझ्यामागे ते रद्दीत जाईल. तेवढं नको व्हायला."

रद्दीचं वाटावं असं पोतं माझ्याच मांडीवर होतं. मी हो म्हणालो.

रविवारी त्यांना आणि ती चादर मुठ्याला घेऊन गेलो. जांभळाखाली खड्डा खणत होतो, तर शेजारचा शेळीवाला बांधावर थांबला.

"काय पुरताय, दादा?"

"पुस्तकं."

"आमच्या पोराची बी हायेत. आणू का?"

काका हसले. मग एकटेच बराच वेळ काही पुटपुटत राहिले. ऐकायला मी, आणि बांधावरच्या शेळ्या. ते पुस्तक मी शेवटी ठेवलं, हातात जरा जास्तच वेळ धरून. पहिली मूठ माती त्यांनी टाकली, उरलेली मी.

त्यांना परत सोडलं तेव्हा ते आत गेले नाहीत, गेटपाशीच उभे राहिले. गाडीच्या आरशात दिसत होते तोवर तिथेच होते. घरी येऊन मी कपाटासमोर बसलो. सांगायला खूप होतं आणि घरात श्रोता एकच, तोही भाजी निवडत असलेला. तरी सगळं सांगितलं.

"मग तिथे उदबत्ती ठेवू ना आता?" बायकोने विचारलं.

भाजी निवडून झाल्यावर ती म्हणाली, "येत्या शनिवारी जा त्यांच्याकडे. डबा मी शुक्रवारीच करून ठेवते, गार खाल्लात तरी चालेल असा. शनिवार तेल्यांचं काय ते त्यांनाच ऐकवा. आणि अहो, पोतं नेऊ नका."