हाडात बसलेलं रेडियम

सेलूच्या बाजारपेठेत शिवरुद्रप्पांचं घड्याळदुरुस्तीचं दुकान होतं. लढाईच्या दिवसांत अंधारात चमकणाऱ्या आकड्यांना मागणी आली आणि हैदराबादहून रेडियमच्या रंगाची बाटली येऊ लागली. आकडे रंगवायचं काम त्यांची बायको शिवम्मा करी. तिच्याइतका हलका हात नवऱ्याचाही नव्हता. कुंचल्याचं टोक निमुळतं व्हावं म्हणून दोघंही ते ओठांत धरत. लेकरू अंगावर पीत असायचं आणि हिचं काम चालू असायचं.

तीन वर्षांनी तिची दाढ दुखायला लागली. दाढ काढली, पण जखम भरेना. पुढं जबड्याच्या कपच्याच हातात येऊ लागल्या. एकदा ओट्यावरून उतरताना मांडीचं हाड मोडलं, तेव्हा तिला हैदराबादच्या इस्पितळात नेलं.

डॉक्टर दिनकररावांनी हाडांचा फोटो पाहिला, सगळं विचारून घेतलं.

"पाजणाऱ्या बाईच्या हाडातला चुना दुधात जातो," ते म्हणाले. "हाड विरळ होतं आणि मिळेल तिथून चुना ओढतं. रेडियम त्याला चुन्यासारखंच वाटतं."

"यांनी बी कुंचला तोंडात धरला की. त्येन्ला काहीच न्हाई."

"त्यांचं हाड भरलेलं, जुनं. त्यानं थोडंच घेतलं."

"मग माझ्यातलं काढा की."

"एकदा हाडात बसलं की काढता येत नाही, बाई."

शिवम्मा घरी आली ती खाटेवरच. सासर नको झालं तर माहेरी जाता येतं, गाव सोडता येतं. आपल्याच हाडांतून निघून कुठं जायचं?

एका दुपारी तिला दारातून धाकटी जाऊ गौराबाई दिसली. सहा महिन्यांची लेक मांडीवर, हातात कुंचला.

"गौरा, पोरीला माज्याजवळ आण."

गौराबाईनं आणून दिली. शिवम्मानं पोरीला छातीशी घट्ट धरलं.

"आता ती रंगाची बाटली आण. तवाच पोर देईन."

"आक्का, कुंचला तोंडात धरू नको म्हणून भावजींनी सांगितलंय. मी धरीत न्हाई."

"धरशील. मला म्हाईत हाय, हात आपोआप जातो."

शिवरुद्रप्पा आत आले. पोर रडायला लागली, तरी शिवम्मानं हात सैल केला नाही. शेवटी त्यांनीच बाटली आणून खाटेखाली ठेवली.

"हितंच ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "माझं काय व्हायचं ते झालंय."

पुढच्या पावसाळ्यात ती गेली. चमकणारे आकडे मागायला गिऱ्हाइकं येतच राहिली. शिवरुद्रप्पा मान वर न करता म्हणायचे, "ते काम बंद हाय."