अर्धी टाकी

बदनापूर तालुक्यात आजवर जेवढी विमानं बांधली गेली, तेवढी सगळी माझ्या थोरल्या मामांनी बांधली, आणि जेवढी पडली तीही त्यांचीच. ही विमानं संगणकातली आहेत हे आधीच सांगून टाकते, नाहीतर मामांच्या अंगणात मोठी शेड असेल आणि तिथून पत्रे ठोकल्याचे आवाज येत असतील, असं कुणालाही वाटायचं. मामांशी थोडा वेळ बोललेल्या माणसाला तसंच वाटतं. "काल एक पंख मोडला", "सध्या चाकं बदलून राह्यलो", "सकाळी समुद्रात गेल्तो, वाचलो" असं ते इतक्या सहज सांगतात की स्टेशनजवळच्या चहावाल्याने एकदा त्यांना काळजीने विचारलं होतं, विमा तरी काढलाय का म्हणून. मामा म्हणाले, अजून न्हाई, आधी एक तरी धड उतरू दे.

खेळ तसा साधा आहे. एक अनोळखी ग्रह आहे, त्यावर एक धावपट्टी आणि एक शेड आहे. सुटे भाग जोडून आपलं विमान आपणच बनवायचं आणि ग्रह बघायला निघायचं. डोंगर, वाळवंट, समुद्र, बर्फ सगळं आहे, फक्त माणूस एकही नाही. मामेभाऊ नोकरीसाठी पुण्याला गेला तेव्हा जुना संगणक घरीच ठेवून गेला आणि त्यात हा खेळ राहून गेला. मामा तेव्हा जालन्याच्या एका बियाणे कंपनीच्या गोदामातून नुकतेच निवृत्त झाले होते. मामींनी त्यांना संगणकावरची धूळ पुसायला सांगितली. ते पुसायला बसले ते बसलेच.

सगळी नोकरी बियाण्यांच्या पोत्यांत गेल्यामुळे विमानांची नावंही त्यांनी त्याच वळणाची ठेवली. कमी इंधनात लांब जाणारं ते 'कोरडवाहू'. चार पावलांत टाकी रिकामी करणारं 'बागायती'. दोन पडलेल्या विमानांच्या कल्पना एकत्र करून बनवलेलं 'संकरित'. विमान धावपट्टीवरून उठलं नाही की ते पडलं असं मामा म्हणत नसत, "उगवलं न्हाई" म्हणत. एकदा त्यांनी इंजिनावर इंजिन लावून एक अजस्र बागायती तयार केलं. ते धावपट्टीवरून सुसाट निघालं, धावपट्टी संपली तरी धावत राहिलं, गवतातून गेलं, वाळूतून गेलं आणि जराही न उठता थेट समुद्रात शिरलं. मामांनी शांतपणे चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "पाणी जास्त झालं." त्यांना इंजिनं म्हणायचं होतं.

या सगळ्यात माझं काम इंग्रजी वाचण्याचं. मी फार बोलत नाही. माझी शाळा इंग्रजी माध्यमाची असल्यामुळे नातेवाइकांना तो माझा ताठा वाटतो, आणि तो खोडून काढायचा तर पुन्हा बोलावंच लागतं, म्हणून मी त्या फंदात पडले नाही. लग्नकार्यात प्रत्येक जण मला "बोल की काहीतरी" म्हणतो आणि मग माझं उरलंसुरलं बोलणंही बंद होतं. मामांनी असं कधी म्हटलं नाही. रविवारी मी जालन्याहून गाडीने त्यांच्याकडे जायचे, तर ते मान न वळवता शेजारची खुर्ची ओढायचे आणि पडद्यावरच्या लाल अक्षरांकडे बोट दाखवायचे. "माय, हे काय म्हणून राह्यलं?" मी सांगायचे, उजवं चाक तुटलं म्हणतंय. "ते दिसूनच राह्यलं. मंग पुढं काय करा म्हणतं?" पुढे काय करायचं हे तो खेळ कधीच सांगत नसे. आमच्या दोघांत दुपारभरात एवढंच बोलणं व्हायचं, आणि संध्याकाळच्या गाडीने परतताना मला खूप बोलून आल्यासारखं हलकं वाटायचं.

मामींना खेळाचा राग नव्हता, समुद्राचा होता. स्वयंपाक झाला की त्या आतून हाक मारत, "आवो, उतरा आता, भाकर गार होऊन राह्यली." मामा उत्तर देत की उतरायला जागा नाही, खाली पाणी आहे. मग मामी ताट आणून कीबोर्डशेजारी ठेवत आणि त्या निळ्या पाण्याकडे सवतीकडे बघावं तसं बघत. अधूनमधून वीज जायची. विमान हवेत, डोंगर समोर आणि खोलीत अंधार. मामा त्या अंधारात कुणी गेल्यावर पाळावी तशी शांतता पाळून उठत आणि हात धुवायला जात.

पण त्यांची सगळ्यात न्यारी गोष्ट म्हणजे प्रस्थान. आमच्याकडे प्रवासाच्या दिवशी मुहूर्त बरा नसला, तर आदल्या दिवशीच कपड्यांत सुपारी बांधून ते गाठोडं शेजारच्या घरी नेऊन ठेवतात. म्हणजे माणूस घरात असला तरी प्रवास सुरू झालेला असतो. मामा हे विमानांनाही करत. मंगळवारी उड्डाण असेल तर सोमवारीच विमान शेडमधून काढून धावपट्टीच्या कडेला नेऊन ठेवायचे. गल्लीत हे सगळ्यांना माहीत झालं होतं. समोर राहणाऱ्या खाला, ज्यांच्याकडे आमच्या घरातली प्रस्थानं वर्षानुवर्षं ठेवली जातात, त्या ओट्यावरून विचारायच्या, "भाईसाब, आज जहाज बाहर लावलं का आतच हाय?"

आणि दुसरी गोष्ट अर्ध्या टाकीची. इंधनाचा काटा अर्ध्यावर आला की मामा विमान वळवायचे. समोर काहीही दिसत असो, डोंगराच्या पलीकडे तळं चमकत असो, अर्धं झालं की मागे फिर. "जाणं काय, कुणीबी जातं. वापस येण्यापुरतं राह्यलं पाहिजे." हा नियम त्यांनी खेळासाठी केलेला नव्हता. ते आयुष्यभर तसेच जगले. नोकरी जालन्यात, कारण संध्याकाळी घरी येता येतं. सासुरवाडी आमच्याच जिल्ह्यातल्या टेंभुर्णीची, कारण सकाळी जाऊन दिवे लागायच्या आत परतता येतं. मामी म्हणतात, यांनी मुलगी नंतर बघितली, आधी शेवटची बस बघितली. मुलगा पुण्याला गेला तेव्हासुद्धा मामा त्याला सोडायला गेले आणि त्याच्या खोलीत पाणीसुद्धा न पिता परतीच्या बसमध्ये बसले.

म्हणून जर्मनीतल्या एका विद्यापीठात मला पुढच्या शिक्षणाला जागा मिळाली, तेव्हा आई जे म्हणाली ते ऐकून मी मनातल्या मनात बॅग परत माळ्यावर टाकली. आई म्हणाली, "दादा म्हणेल तसं करू." आमच्या घरात फ्रिज कुठल्या भिंतीला ठेवायचा हेसुद्धा दादाला विचारून ठरलेलं आहे. विद्यापीठाला महिन्याच्या आत कळवायचं होतं. आईने मामांना फोनवर सांगितलं, मामा "बघू" म्हणाले. त्यानंतरच्या रविवारी मी गेले, त्यांनी खुर्ची ओढली, आणि आम्ही विमान उडवलं. त्यांनी विषय काढला नाही आणि मीही काढला नाही. मला जायचं होतं. पण हे मोठ्याने म्हणणं मला समुद्र ओलांडण्यापेक्षा अवघड वाटत होतं.

असे रविवार जात राहिले आणि महिन्यातला शेवटचा आला. त्या दिवशी मामांचं सगळ्यात नवं कोरडवाहू हवेत होतं. बगळ्यासारखे लांब पंख, एकच लहान इंजिन, आणि पोटात मावेल तेवढं इंधन. सकाळपासून ते सरळ पूर्वेकडे जात होतं. मी पोचले तोवर वाळवंट मागे पडलं होतं आणि खाली कधी न पाहिलेला पांढराशुभ्र किनारा लागला होता. मामी मोसंबी सोलून देत होत्या. काटा अर्ध्यावर आला. मामांनी सवयीने विमान वळवायला घेतलं. मी कोपऱ्यातल्या छोट्या नकाशाकडे बघत होते. त्यात ग्रह फिरवून बघता येत होता. आमची धावपट्टी बरोबर त्याच्या पाठीमागे होती.

"मामा," मी म्हणाले, "आता पुढे गेलं तरी तेवढंच अंतर आहे."

मामांनी पहिल्यांदाच पडद्यावरून नजर काढून माझ्याकडे बघितलं. "कसं काय?"

मी ताटातलं न सोललेलं मोसंबं उचललं. देठाजवळ बोट ठेवलं, ही धावपट्टी. बोट फिरवत बरोबर खालच्या टोकाला आणलं, हे आपण. मग बोट तसंच पुढे नेलं आणि दुसऱ्या बाजूने देठाशी आणलं. मामा बघत राहिले. विमान तिकडे त्या पांढऱ्या किनाऱ्यावर घिरट्या घालत होतं, आणि काटा अर्ध्याच्याही खाली चालला होता. मामी म्हणाल्या, "आवो, इकडं तरी जा न्हाईतर तिकडं तरी जा, जागीच जाळून नका टाकू सगळं."

मामांनी मोसंबं माझ्या हातातून घेतलं, एकदा गोल फिरवून बघितलं आणि बाजूला ठेवलं. "दोन्हीकून सारखंच, तर मंग मागचं कशाला," ते म्हणाले. "ते बघितलेलं हाय."

विमान पुढे निघालं. नवा समुद्र आला, मग बर्फाचे डोंगर, मग हिरवं पठार, ज्यावर मामा काहीतरी पेरायच्या विचारात पडलेले मला स्पष्ट दिसले. कुणी जेवलं नाही. मामींनी आयुष्यात प्रथमच समुद्राकडे मायेने बघितलं. काटा शून्यावर आला तेव्हा धावपट्टी दूरवर रेघेसारखी दिसत होती. इंजिन बंद पडलं. मग नुसते ते लांब पंख राहिले आणि खोलीत वाऱ्याचा आवाज. विमान हळूहळू खाली येत गेलं, धावपट्टीला पुरलं नाही, तिच्या अलीकडच्या गवतात टेकलं, बरंच घसरलं आणि थांबलं. लाल अक्षर एकही आलं नाही. वाचायला काहीच नव्हतं.

मामा उठले, फोन घेतला आणि माझ्या आईला म्हणाले, "पोरीला जाऊ दे. जग गोल हाय, मी आत्ताच माझ्या डोळ्यानं बघितलं." आई पलीकडून बराच वेळ बोलत होती, लांब आहे, थंडी आहे, एकटी राहील. मामांनी सगळं ऐकून घेतलं आणि मग माझ्याकडे वळून फोन माझ्यापुढे धरला. "ती काय म्हणती ते तिलाच इचार."

"आई, मला जायचंय," मी म्हणाले. एवढंच. पण ते मी म्हणाले.

मी निघाले तो दिवस मामांच्या मते अगदीच वाईट होता. तिकीट बदलणं शक्य नव्हतं, म्हणून आदल्या दिवशी मी मामांकडेच मुक्कामाला आले आणि त्यांनी माझी एक बॅग उचलून खालांकडे नेऊन ठेवली. सकाळी ती आणायला गेले तर खालांनी तिच्यात सुपारीशेजारी शेवयांची पुडी सारली होती. "जा बेटा," त्या म्हणाल्या, "तू तर कालच निघालीस." विमानतळावर मामांनी आयुष्यातलं पहिलं खरं विमान काचेतून पाहिलं. पंखांकडे मान वाकडी करून बघितल्यावर बागायती आहे म्हणाले, आणि मग आईला ऐकू जाणार नाही अशा बेताने मला विचारलं, टाकी पूर्ण भरतात ना?

आता इथे मी बऱ्यापैकी रुळले आहे. बोलते अजूनही कमीच, पण इथे कमी बोलण्याला कुणी ताठा म्हणत नाही. रविवारी मामांचा फोन येतो. ते माझी तब्येत विचारत नाहीत, अभ्यास विचारत नाहीत, फक्त "टाकी किती राह्यली?" म्हणतात. मी सांगते, अर्धी आहे, पाव आहे, एकदा तर अगदीच थोडी होती, तेव्हा ते नुसते फोन धरून बसले होते आणि मागे मामी मिक्सर फिरवत होत्या.

मागच्या रविवारी त्यांनी फोन संगणकासमोर धरून मला काहीतरी दाखवलं. तोच पांढरा किनारा होता, जिथे आम्ही घिरट्या घातल्या होत्या. वाळूत एक बेढब, जाड पोटाचं विमान उभं होतं. त्याला पंख असून नसल्यासारखे होते आणि पोटात नुसतं इंधन. ते तिथवर न्यायला मामांना कित्येक आठवडे लागले, मामी म्हणाल्या, किती तरी वाटेत बुडाली. मी विचारलं, हे परत कसं आणणार?

"ते न्हाई आणायचं," मामा म्हणाले. "ते तिथंच राहू दे, भरलेलं. तिकून कुणाला यायचं झालंच, तर लागंल."