पेट्यांमधली आंब्याची पानं

चाकणच्या आमच्या शेडमध्ये यंत्रांचे सुटे भाग परदेशी पाठवण्यासाठी लाकडी पेट्या बनतात. ती शेड यांनी उभी केली. उन्हाळ्यात हे गेले आणि इतकी वर्षं कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेली मी यांच्या खुर्चीत येऊन बसले.

पुढच्या वर्षी किती लाकूड लागेल, ते आमच्या पेट्या घेणारी कंपनी दर वर्षी दिवाळीच्या तोंडावर कळवते. हे जेवताना मला ते सांगायचे. सुरुवातीला आंबा, सुबाभूळ, जवळपास मिळेल ते चालायचं. मग बंदरातून पाइन येऊ लागलं, मग निम्म्या कामाला प्लायवूड. शेवटच्या दोन-तीन वर्षांत पुन्हा पुन्हा वापरायच्या प्लास्टिकच्या पेट्या निघाल्या. "लाकूड काही देशातून संपत नाहीये, आपल्याकडचं संपतंय," असं हे एकदा म्हणाले आणि जेवत राहिले.

यंदा कंपनीने आधीच बजावलं होतं. दसऱ्याचा माल बिनतक्रार गेला तर लाकडाचं काम राहील, नाहीतर सगळं प्लास्टिक. म्हणजे शेड बंद.

घरचे म्हणाले, वर्ष झालेलं नाही, खंडेनवमी नको. मी शेडमधल्या मिस्त्रींना म्हटलं, तुम्ही करा, यंत्रांना कसलं सुतक? मी मात्र पूजेला गेले नाही.

दसऱ्याच्या सकाळी कंपनीचे तपासनीस आले. पहिल्याच पेटीत वाकून त्यांनी फळ्यांच्या फटीतून एक आंब्याचं पान आणि झेंडूच्या पाकळ्या बाहेर काढल्या. दुसऱ्या पेटीत तेच. तिसरीतही.

"मॅडम, हे काय?"

किडीच्या भीतीने पेट्यांचं लाकूड भट्टीत तापवून त्यावर शिक्का मारतात. त्यानंतर पेटीत साल, पान, काहीही सापडलं तर परदेशातल्या बंदरावर माल अडतो. हे माझ्यासारखीलाही ठाऊक होतं. मी मिस्त्रींकडे पाहिलं.

"दरसाली साहेब दारातल्या एका जुन्या पेटीला फूल वाहायचे," मिस्त्री हळूच म्हणाले. ते लातूरकडचे. "यंदा ते न्हाईत. पोरं म्हणाली, त्यांच्या नावानं समद्या पेट्यांना वाहू."

माझ्याने रागावणं होईना.

"मिस्त्री, तिकडच्या बंदरावर तुमची पूजा कुणी ओळखत नाही," तपासनीस म्हणाले. "दुपारी गाडी भरणार. तोवर साफ करा. मी इथंच बसतो."

झाकणं उघडली. हवेच्या नळीने फटी फुंकल्या, पातळ पटाशीने पानं ओढून काढली. तपासनीस प्रत्येक पेटीत बॅटरी मारून पाहत होते. ते चहा घेत नव्हते, त्याचंच मला जास्त भय वाटत होतं.

एका पेटीत पानाचा तुकडा तळाच्या दुहेरी फळ्यांमध्ये गेला होता. पेटी मोडल्याशिवाय तो निघणार नव्हता.

तपासनीस फोनवर बोलत बाहेर गेले, तेव्हा मिस्त्री माझ्याजवळ आले. "वैनी, नखाएवढं हाय. बॅटरीतबी दिसंना. जाऊ द्या."

"ती बाजूला काढा," मी म्हटलं.

"एक पेटी कमी गेली तर बोंब होईल."

"होऊ दे. पण ती जाणार नाही."

तपासनिसांना मी तसंच सांगितलं. "कमी माल वर कळवावा लागेल मला," एवढंच म्हणून ते गाडीबरोबर निघाले.

माल तिकडे अडला नाही. दिवाळीच्या आधी कंपनीचा फोन आला. लाकूड राहणार, पण निम्मं. त्या एका पेटीमुळे की प्लास्टिकचं आधीच ठरलं होतं, ते मी विचारलं नाही. त्यांनीही सांगितलं नाही.

मिस्त्री दारात उभे राहून ऐकत होते. मी फोन ठेवल्यावर आत आले.

"म्हंजी निम्मी पोरं."

"शेड चालेल, मिस्त्री."

"व्हय, ते कळलं. त्यास्नी आजच सांगू, का दिवाळी होऊ देऊ?"

यांनी काय केलं असतं ते आठवून पाहिलं. अशी वेळ यांच्यावर आलीच नव्हती.

"आजच," मी म्हटलं. "दुसरीकडे काम शोधायला वेळ मिळेल. मी येते तुमच्याबरोबर."