नोटरीबाईंची तालीम

माझ्या सासूबाई रोज संध्याकाळी चहा झाला की आमच्याच दाराबाहेर जाऊन बेल वाजवायच्या. इस्त्रीची साडी, पायात चपला, हातात पर्स. मी दार उघडलं की गंभीर चेहऱ्याने विचारायच्या, "नोटरीबाई आहेत का?"

हे वेड त्यांचं नव्हे, माझं. नवऱ्याच्या कंपनीने त्याची बदली अमेरिकेत केली होती आणि आखातातलं, मोहम्मद बिन झायद सिटीतलं आमचं बिऱ्हाड हलणार होतं. ज्या राज्यात जाणार होतो तिथे नोटरी व्हायला वकील असावं लागत नाही. छोटासा कोर्स करायचा आणि राज्याची परीक्षा पास व्हायचं, की शिक्का हातात. हे कळलं त्याच दिवशी मी ठरवून टाकलं. इतकी वर्षं 'मिस्टर कुठे असतात?' या प्रश्नाची उत्तरं देऊन मला वीट आला होता. नव्या गावात कुणीतरी माझ्याकडे काम घेऊन यावं, एवढीच इच्छा होती.

पुस्तक पाठ व्हायला वेळ लागला नाही. पण समोर माणूस बसला की माझा गोंधळ उडायचा, म्हणून ही तालीम. नोटरीचं काम तसं सरळ असतं. सही करणारा स्वतः हजर हवा, त्याची ओळख पटवायची, कागदात काय लिहिलंय ते त्याला समजलंय ना हे पाहायचं आणि शेवटी विचारायचं, की तुम्ही हे स्वखुशीने करताय ना? परीक्षक होती आमची लेक, सोफ्यावर पाय पसरून, माझं पुस्तक मांडीवर घेऊन.

पहिल्याच दिवशी मी दार उघडून म्हटलं, "या, बसा. चहा टाकू?"

"ममा, यू फेल्ड," लेक म्हणाली. "आयडी कुठे मागितलास?"

मी ओशाळून ओळखपत्र मागितलं. सासूबाईंनी पर्स घट्ट धरली. "लग्नात तुला ओवाळून घरात घेतलं ते मी. तेव्हा मागितलं होतंस माझं ओळखपत्र?"

खरं भांडण झालं ते अंगठ्यावरून. घराजमिनीचे कागद असले की नोटरीच्या वहीत सहीशेजारी उजव्या अंगठ्याचा ठसाही घ्यावा लागतो, असा त्या राज्याचा नियम. मी निळ्या शाईचं पॅड पुढे केलं आणि सासूबाई ताडकन उठल्या. "मी मॅट्रिकला संस्कृतात पहिली आले होते. मला अंगठेबहाद्दर समजतेस?"

"आजी, इट्स लाइक अनलॉकिंग युअर फोन."

"फोन माझा आहे. वही हिची आहे." अंगठा त्यांनी शेवटपर्यंत दिला नाही. रोज वळणदार सही करायच्या आणि पॅड दोन बोटांनी बाजूला सारायच्या.

या खेळात त्या खुलल्या होत्या. सासरे गेल्यापासून त्या आमच्याकडे होत्या आणि इथे त्यांना करण्यासारखं फारसं काही नव्हतं. बाहेर ऊन, शेजारी लेबनीज कुटुंब, दिवसभर एसीची घरघर. तालमीसाठी मात्र त्या दुपारपासून साडी काढून ठेवायच्या. एक दिवस विधवा जमीनदारीण व्हायच्या, एक दिवस कटकटी सोसायटी सेक्रेटरी. मला त्या तेव्हा फार आवडायला लागल्या. तोवर आम्ही एकमेकींशी बरंच बोललो होतो, पण कुकरच्या शिट्ट्यांपलीकडचं फारसं नाही.

एक चूक माझी सुटता सुटत नव्हती. शेवटचा प्रश्न मी दरवेळी गाळायचे. लेक दरवेळी सांगायची, "ममा, यू ऑलवेज स्किप द लास्ट वन." मी तिच्यावर खेकसायचे. आमच्या घरात मोठ्या माणसांना 'तुमची इच्छा आहे का?' असं विचारायची पद्धतच नाही. त्यांच्या पानात आणखी एक पोळी वाढायची आणि ती त्यांनी खाल्ली की त्यांना हवी होती असं समजायचं.

त्यांच्या मिरजेच्या फ्लॅटचंही असंच झालं होतं. आम्ही अमेरिकेला गेलो की त्या ठाण्याला थोरल्या दिरांकडे राहणार आणि फ्लॅट विकायचा, हे दोघा भावांनी फोनवर ठरवलं. त्यात कुणाचा लोभ नव्हता. त्या तिथे एकदा बाथरूममध्ये घसरल्या होत्या, ती धास्ती दोघांनी घेतली होती. सासूबाई तेव्हा शेजारीच बसून मेथी निवडत होत्या. काही बोलल्या नाहीत, म्हणजे ठरलंच.

मग एका संध्याकाळी नवरा टायपिंग सेंटरवरून मुखत्यारपत्र टाइप करून घेऊन आला. थोरल्या भावाला फ्लॅट विकायचा अधिकार देणारा तो कागद. दुसऱ्या दिवशी भारतीय वकिलातीत जाऊन सासूबाईंनी त्यावर सही करायची होती.

"उद्या साडेआठची अपॉइंटमेंट आहे," तो म्हणाला. "आज याच्यावरच प्रॅक्टिस करा. आईचंही रीडिंग होऊन जाईल. यल्ला, चला, मॅटर खलास."

बेल वाजली. मी दार उघडलं. चहा विचारला नाही, ओळखपत्र मागितलं, कागद वाचून दाखवला. सासूबाई मान हलवत होत्या. लेकीने पुस्तकावरून माझ्याकडे रोखून पाहिलं. आज चुकायचं नाही, एवढाच विचार माझ्या डोक्यात होता.

"तुम्ही हे स्वखुशीने करताय ना?"

सासूबाईंनी पर्सचा बंद एकदा उघडला, एकदा लावला. मग नवऱ्याकडे बोट न दाखवता, नुसत्या हनुवटीने खूण केली. "नोटरीबाई, या गृहस्थांना जरा बाहेर बसायला सांगाल का?"

नवरा हसला. मी हसले नाही. पुस्तकात तसंच लिहिलं होतं, नातेवाईकांना बाहेर पाठवून एकट्याला विचारावं. मी त्याला म्हटलं, "तुम्ही गच्चीत थांबा." तो भर उकाड्यात गच्चीत गेला आणि काचेचं दार ओढून घेतलं.

"नाही हो," सासूबाई हळू म्हणाल्या. "मला माझ्या घरी जायचंय. मिरजेला. मुलाच्या तोंडावर नाही म्हणायला जीभ वळत नाही. तुम्ही परक्या, म्हणून तुम्हाला सांगते."

इतक्या वर्षांत त्यांनी मला परकी म्हटलं नव्हतं, आणि आज म्हटलं तेव्हा त्या मला सगळ्यात जवळच्या वाटल्या. तरी मी पाठ केलेलं वाक्य म्हटलं, "मग मला यावर तुमची सही घेता येणार नाही."

काच पातळ होती. गच्चीचं दार वाजलं. वाजलं म्हणजे नवऱ्याने त्यावर टकटक केली, स्वतःच्याच घरात. "येऊ का?" आत येऊन तो खुर्चीत बसला. शर्ट घामाने चिकटला होता. मला म्हणाला, "मलाही विचार."

"तुम्ही हे स्वखुशीने करताय?"

"नाही. मला भीती वाटते म्हणून करतोय. ती पडली तर मी तिकडून पोचणार कसा?"

"तू कशाला पोचतोस?" सासूबाई एकदम आईच्या आवाजात म्हणाल्या. "समोरच्या वहिनींकडे किल्ली आहे." मग उठून त्याला पाणी आणून दिलं. तो ग्लास हातात धरून बराच वेळ रडला, आणि त्यांनी त्याला रडू दिलं.

अपॉइंटमेंट रद्द केली. थोरल्या दिरांनी चार दिवस अबोला धरला. मग त्यांनीच जाऊन मिरजेच्या बाथरूममध्ये धरायला दांड्या बसवून घेतल्या.

आमच्या आधी त्या निघाल्या. विमानतळावर आतल्या रांगेत शिरताना त्यांची पर्स, पासपोर्ट, औषधांची पिशवी अशी तारांबळ चालली होती. निरोपाला मी भलतंच बोलून गेले. "आई, स्वखुशीने जाताय ना?"

त्या रांगेत बऱ्याच पुढे गेल्या, मग वळल्या. गर्दीतून मला शोधलं, पर्स काखेत मारली, डावा तळहात वहीसारखा उघडला आणि त्यावर उजवा अंगठा नीट, दाबून उमटवला.